सांबाराची एक ओळ

दसऱ्यानंतर पेरलेला सांबार
सगळा उपटून हिंगणघाटच्या बाजारात गेला,
एक ओळ सोडून.
ती मी ठेवली वांग्यांच्या कडेनं,
पाटाच्या उजव्या हाताला,
जिथं न विकलेला झेंडू अजून उभा आहे.

मामाजी म्हणाले, बेबीनंदा,
फुलावर आलेल्या सांबाराला कुत्रं विचारत नाही.
म्हटलं, कुत्र्यासाठी ठेवलाच नाही जी.

धुऱ्यावर बरबटी आहे.
पौष लागता लागता तिच्यावर मावा आला,
कोवळ्या शेंड्यांवर काळा, चिकट,
काजळाची डबी उपडी झाल्यासारखा.
येऊ दे म्हटलं.
आधी पंगत मांडावी लागते,
मग पाहुणे येतात.

गुणवंता पंप पाठीला अडकवून फाटकाशी उभा.
वहिनी, मारून टाकू का एक हात?
तो यायच्या आधी
त्याचा वास वावरात येतो.
आठ दिवस थांब, मी म्हटलं.
तो हसला. शेजारच्या तुरीत गेला.

पाचव्या दिवशी प्रणाली ओरडली,
माय, अळी! हातात चप्पल.
काळी, खरबरीत, पाठीवर नारिंगी डाग,
सुसरीचं पिल्लू कोणी
तांदळाएवढं करून सोडलं जसं.
थांब पोरी, थांब.
ती ढालकिड्याची पोर आहे.
लेकरू कुरूप म्हणून
कोणी चपलेनं मारतं का?

मग तिच्या शाळेच्या भिंगातून
आम्ही दोघी पानांच्या पालथ्या बाजू पाहत बसलो.
एका पानाखाली
केसाएवढ्या दांड्यांवर
खसखशीएवढी अंडी,
एकाला एक लागू न देता मांडलेली.
त्या आईला माहीत होतं
आपली लेकरं एकमेकांना खातील ते.

सांबाराच्या फुलात मध असतो किती?
मोठ्या भुंग्याची जीभही ओली होत नाही.
पण जिचं तोंडच आखूड,
जी स्वतःच मोहरीच्या दाण्याएवढी,
तिला तेवढाच पुरतो.
पोट भरलं की ती वांग्यात जाते,
अळी हुंगते,
आणि अळीच्या अंगात पाळणा टांगते.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शिसारी आली होती,
जेवताना आठवलं तर घास थांबायचा.
आता पांढऱ्या कोषांनी लदलेली अळी दिसली
की मी वाट सोडून चालते.

खोटं कशाला बोलू,
दोन सऱ्या वांगी तरीही किडली.
शेंडे मान टाकून उभे.
मी ते खुडून जाळले.
मामाजींनी पाहिलं, बोलले नाहीत,
आणि त्यांचं न बोलणं
चुलीपर्यंत ऐकू येतं.

नवव्या दिवशी गुणवंता परत आला.
बरबटीजवळ वाकून राहिला बराच वेळ.
शेंडा हिरवा, त्यावर चार लाल ढाली
आपापल्या कामात.
काय मारलं, वहिनी?
मी फुललेल्या सांबाराकडे बोट केलं.
तो त्याच्या बुडाशी
बाटली शोधत राहिला.

रात्री मी वहीत हिशेब लिहिते.
बियाणं, बंडीभाडं, बाजाराची पावती.
सांबार एक ओळ, चाळीस जुड्या,
जुडीला दहा.
मामाजी चष्मा सरकवून पाहतात,
म्हणतात, हे नुकसानीत टाक.
मी मजुरीत टाकते.
फक्त मजुराच्या नावाच्या रकान्यात
काय लिहावं
ते अजून सुचलं नाही.