वरचं ताश्कंद

एकतीस वर्षं मी हे शहर खालून ओढलं.
निळी मार्गिका, पहाटे पाच ते दुपारी एक,
आठवड्याआड रात्रपाळी.
चोर्सूला पंचवीस सेकंद,
तिंचलिकला वीसही पुरत.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात;
मी अंधाराखालचा दिवा होतो,
आणि शहर डोक्यावर कुठेतरी चालू होतं.

ऋतू मला वासानं कळायचे.
खरबुजं आली की चोर्सूचा फलाट गोड व्हायचा,
बर्फ पडला की ओल्या लोकरीचा वास,
आणि मार्चमध्ये, का कोण जाणे, ताज्या तैलरंगाचा.

काल निवृत्तीचा चौथा दिवस.
सलोमत म्हणाली, घरात लुडबुडू नका,
पाहुणे बघतात ते तरी बघून या एकदा.
दोप्पी झटकली, डोक्यावर ठेवली,
तिकीट काढलं. पहिल्यांदाच.
खिडकीतल्या पोरीनं ओळखलं नाही,
तेही बरंच झालं.

डब्यात आडवा बसलो.
इतकी वर्षं बोगदा समोरून अंगावर यायचा,
आता तो पाठीमागून चोरासारखा सरकत होता
आणि पलीकडच्या काळ्या काचेत
एक म्हातारा माझ्याकडे टक लावून बसलेला.
उठून त्याला जागा द्यावी असं वाटलं.

कोस्मोनावत्लर.
निळी भिंत हळूहळू काळी होत जाते, आकाश सोडल्यासारखी.
माझं लक्ष तेव्हा आरशात,
कुणाची ओढणी दारात अडकली का त्यात.
भिंतीवरच्या एका गोलाला मी आजवर घड्याळ समजत होतो.
तो माणूस निघाला.
शिरस्त्राण घातलेला, जरा हसरा.
त्याची माफी मागावी तर मागे शाळेची सहल उभी.

चोर्सू. इथे जिना चढलो,
गुडघ्यांनी पायऱ्या मोजल्या, मी नाही.
वर निळा घुमट, पालथा घातलेला पेला जसा,
आणि आत जिरं, दही, मांस, हाका,
तराजूच्या पारड्यांचा खणखणाट.
अरे, म्हणजे तो वास इथून खाली यायचा!
कुर्त विकणाऱ्या मुकद्दसनं हातावर एक गोळी ठेवली,
खारट, दगडासारखी, दाताखाली न फुटणारी.
तेवढ्यात तिच्या चहावर बारीक वर्तुळं उठली.
तिनं पेला दोन्ही हातांनी धरला.
या शहरात जमीन हलली की
म्हाताऱ्या बायका अजून दाराकडे बघतात.
भूकंप नाही, म्हटलं, दहा चाळीसची गाडी.
मग घड्याळ पाहिलं: दोन मिनिटं उशीर.
दिलमुरोद असणार. वळणावर घाबरतो तो.
मुकद्दस म्हणाली, तुम्हाला काय ठाऊक?
मी अर्धा किलो कुर्त घेतलं.
उत्तर देण्यापेक्षा ते सोपं.

हजार जर्दाळू नावाच्या स्टेशनावर गाडी बदलली,
बदामाची बाग नावाच्या स्टेशनावर उतरलो.
जर्दाळू नाही, बदाम नाही,
नावं मात्र अजून मोहरलेली.
तिथून मनोरा. लिफ्ट इतकी गुपचूप चढली
की मी सवयीनं ब्रेक शोधला.

वर काच. काचेबाहेर सगळंच्या सगळं,
छपरं, कालवे, धूळ, चिनारांच्या रांगा,
आणि माझी मार्गिका कुठेही नाही.
बोटानं काचेवर ती काढून पाहिली.
उमटलं फक्त बोट.

शेजारी नमनगानहून आलेला एक पोरगा,
हातात नकाशा, उलटा धरलेला.
आका, चोर्सू कुठे?
एकवीस मिनिटं, म्हटलं. बदली धरून.
हो, पण कुठल्या बाजूला?

वरच्या दिशा मला कोणी शिकवल्याच नव्हत्या.
दारं डावीकडे उघडतात,
मी सांगितलं.

त्यानं डावीकडे पाहिलं, बराच वेळ.
मग त्याच्या आईला हाक मारली.
मीही पाहिलं.
धुळीत काहीतरी निळं होतं खरं,
किंवा कुणाची तरी पाण्याची टाकी.