जबाब

नाव: नादिया प्रोकोपचुक. वय एकसष्ट.
सकाळचे सात-चाळीस. उंची अडीच हजार फूट.
हवा ओलसर, सोळा अंश.
मागे मधमाश्यांच्या चार पेट्या, टिसडेलला पोचवायच्या.
त्यांचं वजन मी हिशेबात धरलं होतं.
आवाज नाही.

आधी काटा उतरला. तेवीसशे, एकवीसशे, अठराशे.
इंजिन खोकलं नाही, दणकलं नाही,
जेवता जेवता डोळा लागलेल्या म्हाताऱ्यासारखी
मान टाकत गेलं.
कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी दांडी मी ओढली.
होय, ओढली. उशिरा ओढली का, ते तुम्ही ठरवा.

मग पंखा नुसताच वाऱ्यावर फिरत राहिला
आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मला विमानात दुसरं कुणी ऐकू आलं:
जाळीमागे चाळीस हजार जणी,
एकीचाही सूर चढलेला नाही.

पासष्ट नॉट. नाक खाली.
डावीकडे रस्ता, पण त्यावर तारा.
समोर तळं. निळं, बिनलाटेचं,
काठ फुटपट्टीनं आखलेले.
सरळ काठाचं तळं देव कशाला करील,
म्हटलं, आणि त्यातच उतरले.

ते जवसाचं शेत होतं, ऐन फुलातलं.
देठ चाकांना भिडले तेव्हा
थानच्या थान रेशीम फाडल्यासारखा आवाज आला.
पुढचं चाक मोडलं.

मालक, कॉर्नेलियस वीब, ट्रॅक्टरवरून आला.
माझ्याकडे पाहिलं, मागच्या दोन रेघांकडे पाहिलं.
"एकरभर?"
"अर्धा," मी म्हटलं.
त्याच्या बायकोनं कलिंगड कापलं.
हात थांबेपर्यंत मी बिया मोजत बसले.
एकशे बारा.

तुम्ही आलात दुपारी.
प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं, सगळं ठीक.
असणारच. जुलैतला तो बर्फ
माझी पहिली फोड संपायच्या आत पाणी झाला असेल.
आणि जवसाचं फूल दुपार बघत नाही,
म्हणून तर हिरव्या शेतात उभं राहून
तुम्ही मला विचारलंत, "कुठलं तळं?"

कारण अनिश्चित, असं लिहा. माझी हरकत नाही.
फक्त एवढं जोडा,
की पेट्या उतरवल्या तेव्हाही
त्यांचा सूर तोच होता.
त्यांना वाटलं असेल, आलं टिसडेल.