आभाळाचा पंचनामा

यासीन अत्तारच्या कुल्फीच्या फ्रीजरमध्ये
सात गारा आहेत, पिशवीपिशवीवर तारीख.
सगळ्यात थोरली मोहाडीच्या शाळेमागे पडलेली,
लिंबाएवढी, मधे एक पांढरा डोळा.

वही कल्पना ढिकलेंकडे.
त्या अंगणवाडीत आकडे शिकवतात, म्हणून.
म्हाताऱ्या म्हणाल्या, गारा आमच्याही वेळी पडायच्या.
किती वर्षांनी?
ओटा गप्प. मग कुणी जावळ,
कुणी लेकीचं बाळंतपण आठवून
वर्षं लावत गेल्या,
आणि दोन गारपिटींमधली जागा
पानावर खाली येता येता अरुंद होत गेली.
तापतंय कुठल्या कुठे,
फुटतंय आमच्या द्राक्षाच्या मांडवावर,
कुणीतरी म्हणालं. तेही लिहिलं.

सोमवारी थर्मासमधून गारा नाशकाला नेल्या.
कलेक्टर कचेरीत साहेब यायला दोन वाजले.
झाकण उघडलं तर
वाटीभर पाणी.
शिपाई हसला.
कल्पनाताईंनी ते पाणीच टेबलावर ठेवलं,
शेजारी वही.
"मांडव पडला त्याचा पंचनामा तुम्ही केलात," म्हणाल्या,
"हा आभाळाचा."

थोरली मात्र यासीनने दिलीच नव्हती.
मलई कुल्फीच्या मागे ठेवलीय.
म्हणतो, असू दे,
पुढच्या वेळी मापाला लागेल.