शाईखालचं शून्य

पाद्री स्वीडिशमध्ये लिहायचा
म्हणून वहीत ती वाल्बोर्ग हेन्रिक्सडॉटर.
गोठ्यात, तळ्याकाठी, भट्टीपाशी
या नावानं तिला कुणी हाक मारली नसणार.
वाल्पुरी म्हणत असतील.
किंवा नुसतंच, अगं ए.

ऑक्टोबरअखेर एक आठवडा सुट्टीचा,
त्यात मोलकरणी धनी बदलत.
ती निघाली की पाद्री नावावर रेघ ओढायचा.
मुस्तोलात खोडली, केत्तुलात लिहिली,
केत्तुलात खोडली, लेप्पामाकीत लिहिली,
एका वर्षी कुठेच नाही, मग पुन्हा मुस्तोला.
गेलेल्याला तीच रेघ, मेलेल्याला तीच.
दर वेळी पान उलटून बघायचं,
आहे ना अजून.

तीन हिवाळे बसले मी ओउलूच्या दप्तरखान्यात.
खिडकीत तीन वाजताच काळोख.
देवी: येऊन गेल्या.
वाचन: अडखळत.
लग्नाचा रकाना कोरा.
शेऱ्यात, बारीक अक्षरात,
एक मुलगा, आडाम, बापाचं नाव नाही.
मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं,
इथून आम्ही.

मग अडुसष्ट साल. झाडाच्या सालीची भाकरी,
रस्तोरस्ती माणसं, ज्वर.
परक्या गावच्या दफनवहीत ती सापडली,
एप्रिलची चौदा तारीख, 'वाटसरू'.
त्या दिवशी मी बसनं न जाता
चालत घरी आले.

आइली आत्याच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात
पणजीच्या आईची जन्मतारीख निघाली: तीस मार्च.
माझ्या वाल्बोर्गची तीन.
पाद्र्याची चूक असणार, म्हणत
मी पडद्यावर पान मोठं केलं, आणखी मोठं केलं.
खालच्याच घरात दुसरी एक वाल्बोर्ग,
तीही हेन्रिकची, तीही मार्चची,
तिच्या तीनपुढे शाईचा डाग
आणि डागाखाली, नीट बघितलं तर,
एक शून्य.

आमची ती.
शिंप्याशी लग्न, दोन गाई, आठ मुलं,
एक्याऐंशीव्या वर्षी अंथरुणात मेली.
शेरा काही नाही.

आणि आडाम?
आईच्या नावावरची रेघ
तशीच खाली त्याच्या नावावरून गेलेली.
मी समजत होते, गाव बदललं असेल.
आता दफनवहीचं पुढचं पान उलटलं.
सोळा एप्रिल. वय सात.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
मी शोधलं, आणि पोचले
भलत्याच झऱ्यावर, जो पुढे कुठे वाहिलाच नाही.

वंशावळीचा तक्ता दुरुस्त करून
सगळ्या चुलतभावंडांना पाठवला.
एकानं उलट लिहिलं, आठ मुलं! बापरे!

सर्व संतांच्या दिवशी आत्याला घेऊन
कबरस्तानात गेले. बर्फ भुरभुरत होता.
घरच्या दगडापुढे मी तीन मेणबत्त्या लावल्या.
तीन कशाला, आत्या म्हणाली.
वारा आहे, म्हटलं.