उजव्या बाजूचे बाण

पहाटे तीन वीसला टॅक्सी लावून मी वर येतो.
हाचिनोहेत या वेळी जागे असतात
स्क्विड धरणाऱ्या बोटींचे दिवे
आणि आमच्या बैठकीच्या अंधारात
माझी बायको चिझुरु.

टीव्ही बंद. खेळाचं यंत्र बंद.
ती प्लॅस्टिकच्या चटईवर, अनवाणी,
पाय टाकते आहे:
मागे, उजवीकडे, उजवीकडे, थांब.
पुढे. थांब. थांब. मागे.
डोळे उघडे, पण रात्रभर चालणाऱ्या दुकानासारखे,
दिवे सगळे लागलेले
आणि गल्ल्यावर माणूस नाही.

झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात.
मी मारली नाही.
एक बूट काढलेला, दुसरा पायातच,
असा दारात उभा राहिलो.

चटई कानामेची.
तो नागोयाला गेला त्याला दोन वर्षं झाली,
गाड्यांना दारं बसवतो.
फोन नवीन वर्षाला,
आणि एकदा पगार वाढला तेव्हा.
शाळेच्या शेवटच्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी
ती कारखान्यातून यायची, केसांना मासळीचा वास,
आणि तो अभ्यास टाळून तयारच.
तो डावीकडे, ती उजवीकडे.
खालच्या मिझुकोशीबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या,
तेही तालात, असं कानामेचं म्हणणं.
मी ऐकलेलं नाही.
मी तेव्हा झोपलेला असायचो, रात्रीच्या पाळीसाठी.

मग मला एक प्रश्न पडला, जरा लाजिरवाणा:
यंत्र चालू असतं, तर ती जिंकली असती का?
पडद्यावरचे बाण बघायला डोळे लागतात
आणि डोळे तर झोपलेत.
पण पाय?

अकरा दिवसांत ती चार वेळा उठली.
मी आवाज शून्यावर आणून वाट बघायचो,
सर्वांत जास्त वेळा खेळलेलं गाणं निवडून,
बटणावर अंगठा.
पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदा घाई.
तिसऱ्यांदा मलाच डुलकी लागली.
चौथ्यांदा तिचा पाय उचलला आणि मी दाबलं.

बाण वर चढू लागले, निळे, गुलाबी,
तिच्या गालांवरून रंग सरकत गेले.
ती पडद्याकडे नाही, त्याच्या जरा वर,
भिंतीकडे बघत होती.
अचूक. अचूक. चुकला. चुकला. अचूक.
चुकला, चुकला, चुकला.
मी ओशाळलो. उगाच परीक्षा घेतली बिचारीची.
गाणं अर्ध्यावरही आलं नव्हतं,
पडदा राखाडी झाला:
पुन्हा प्रयत्न करा.

ती थांबली नाही.
आणि पडदा विझल्यावर मला ऐकू आलं,
जे पडद्यामुळे दिसत नव्हतं:
तिचा एकही पाय चुकत नव्हता.
जिथे पाय पडला तिथे समेवर पडला.
जिथे पडला नाही, ती जागा
तिने सोडलेली होती.
दोघांच्या खेळात बाण वाटून घ्यायचे असतात.
ती तिचेच घेत होती.

डावी चटई फाटली होती.
मीच टाकली, कचऱ्याच्या गुरुवारी,
कुणाला न विचारता,
आणि त्या जागी बुटकं टेबल ओढलं.

शेवटचं पाऊल. मागे, पुढे, दोन्ही पाय.
मग तिने डावा हात उचलला,
तळवा उघडा,
स्वतःच्या डोक्याच्याही वर, उंच मुलासाठी असतो तितका,
आणि टाळी मागत उभी राहिली.

दोन श्वास. तीन.
मग हात खाली आला आणि ती निजायला गेली.
जाताना नडगी टेबलाला लागली.

सकाळी म्हणाली, पोटऱ्या भरून आल्यात,
म्हातारी झाले बहुतेक.
मग चहा ओतता ओतता:
टेबल भिंतीकडे कुणी सरकवलं?

मी म्हटलं, मी.
गाडी वळवायला जागा लागते.