शोअर पास

जहाज गोदीत लागलंय. पंपाचा सुटा भाग
कोबेहून यायचाय अजून. तोवर
थर्ड इंजिनिअरला, म्हणजे मला,
साडेचार तास मोकळे.
कॅप्टननं पासवर वेळ लिहिली, १८:००,
आणि खाली दोनदा रेघ मारली.

ओनोमिची हे गाव उभं वसलेलं.
खाली गोदी, मधून रेल्वेचे रूळ,
रूळ ओलांडले की नुसत्या पायऱ्या.
मी मोजत चढते.
सात मजले खाली उतरायची सवय असलेले गुडघे
वर चढताना विचारत राहतात, कशाला?

एकशे बारा. देऊळ लहान.
पाटी आहे, मला वाचता येत नाही.
एक खराटा, एक पाण्याची बादली, माणूस कुणी नाही.
लोखंडी टोकांचे बूट काढून ठेवले
तर मोज्याला भोक, नेमकं अंगठ्याशी.
आत अंधार. मूर्तीची फक्त एक सोनेरी कड.
टाळी वाजवायची की नाही ते आठवेना,
मग घरी जोडते तसेच हात जोडले.
मागितलं काहीच नाही. पंपाचा विचार आला,
त्याला येऊ दिलं.

मागे उतारावर थडगी,
समुद्राकडे पाहत बसलेली, दाटीवाटीनं.
प्रत्येकामागे उंच लाकडी फळ्या,
आणि फळ्यांवर शाईनं
अक्षरं.
मी थांबले.
गेले आठ महिने बंदरांमागून बंदरं
पाट्यांपुढे अडाण्यासारखी उभी राहतेय,
आणि इथे, मेलेल्यांच्या मागे,
जाड कुंचल्याचा एक र.
खाली व. सगळ्यात खाली, पोक काढलेला,
पण अ-च.
शाळेतली मैत्रीण वीस वर्षांनी दिसावी,
आधी चाल ओळखू यावी, मग चेहरा, तसं.

“ख,” मी मोठ्यानं वाचलं. “ह. र. व. अ.”

“क्या,” मागून कुणीतरी म्हणालं.
मराठी ऐकल्यासारखी मी दचकले.
म्हातारी. रबरी बूट, कमरेला टॉवेल,
हातात ओल्या शाईची नवी फळी.
तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं:
“क्या, का, रा, बा, आ.”
मी पुन्हा माझं म्हटलं, तिनं तिचं.
दोघींनी एकमेकींना दुरुस्त केलं नाही.

मग मी खांदे उडवले, म्हणजे काय हे?
तिनं वर आभाळ दाखवलं.
माझ्या तळहातावर फुंकर मारली.
उदबत्तीचं टोक, लाल.
बादली.
आणि रबरी बुटानं जमीन, दोनदा,
धप्प धप्प,
जणू खाली कुणाला उठवायचंय.

अक्षर मला येत होतं, अर्थ तिला.
छातीवर हात ठेवून म्हणाली, हिसाए.
मीही म्हटलं, मृण्मयी,
आणि नावातली माती तिला सांगता येईना
म्हणून मीसुद्धा पाय आपटला.
ती इतकी हसली की फळी कलंडायची राहिली.

घंटा होती कोपऱ्यात, माणसाएवढी.
मी शंभर येनचं नाणं काढलं तर तिनं हात धरला,
खालचं पत्र्याचं छप्पर दाखवलं,
गालाखाली हात घेऊन डोळे मिटले,
मग डोळ्यांपुढे पंजा धरून, बोटांनी ठिणग्या उडवल्या:
झ्झ्झ, झ्झ्झ.
वेल्डर. रात्रपाळीचा. झोपलाय.

नाणं परत खिशात.
उतरताना पायऱ्या एकशे नऊच भरल्या.
पाच वाजून पन्नास, गँगवेवर सही.

रात्री सुकाणूखालच्या परातीत
निळा उजेड फुटत होता, विझत होता.
मुखवट्याआडचा माणूस तोच की दुसरा कुणी,
विचारायला मला शब्द नव्हते.
त्यानं मान वर केली तेव्हा
मी फक्त टॉर्च थोडी खाली धरली,
डोळ्यांवर नको म्हणून.