गोरोचन

य्वेलान गोरोचन जोखते.
बोचौचा औषधबाजार, तिसरी गल्ली,
काचेच्या पेटीमागे बसून.
पितळी काट्याच्या एका पारड्यात वजन,
दुसऱ्यात कुठल्यातरी मेलेल्या बैलाच्या पित्तातला खडा,
उकडलेल्या बलकासारखा, हाताला हलका,
सोन्याहून महाग.

खरा की खोटा, ती नखावर बघते.
थेंबभर पाणी. अंगठ्याच्या नखावर घासायचं.
खोट्याचा रंग पुसला जातो,
खऱ्याचा भांडी घासली तरी राहतो.
एकवीस वर्षांत तिचा अंगठा कुणी
पिवळ्याशिवाय पाहिलेला नाही.

मग तिचीच उजवी बरगडी बोलू लागली.
जेवणानंतर, आणि मागे पाठीच्या फऱ्यात,
कुणी बोट रुतवून ठेवल्यासारखी.
सोनोग्राफीत तीन खडे.
मुलगा हफेहून फोनवर म्हणाला, काढून टाक.
नवरा म्हणाला, थांबून बघू.
य्वेलान दोघांनाही हो म्हणाली.
जुनी सवय.

थाव वैद्यांनी मनगटावर तीन बोटं टेकवली.
म्हणाले, नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते.
जीभ बघितली. कडांना लाल.
"कधी कुणाला नाही म्हणालीस?"
हा प्रश्न रोगात कसा बसतो, तिला कळेना.

त्यांच्याकडे धीर छातीत नसतो,
पित्ताशयात असतो.
धीट माणसाचं पित्ताशय मोठं म्हणतात,
भित्र्याचं उंदराएवढं.
देहाच्या दरबारात यकृत सेनापती, बेत आखणारा;
आणि निकाल द्यायचा तो पित्ताशयानं,
कुणाच्या भिडेला न पडता.
"तुझा न्यायाधीश," वैद्य म्हणाले,
"बरीच वर्षं रजेवर आहे."

नाणेगवत लिहून दिलं,
गोल पानाचं, म्हणून नाव नाण्याचं.
गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला सुया,
कानाच्या पाळीवर चिकटपट्टीनं दाबलेलं एक काळं बी.
सकाळ-संध्याकाळ मातीच्या भांड्यात काढा उकळे,
घरभर ओल्या कडब्यासारखा वास.
चोथा ती पहाटे रस्त्यावर टाकून येई,
येणाराजाणारा तुडवेल
आणि दुखणं त्याच्या तळव्यांना लागून लांब जाईल म्हणून.
(शेजारीण अपशब्द बोलली. य्वेलान तिलाही हो म्हणाली.)

तीन महिन्यांनी दुखणं निम्मं झालं.
खडे तेवढेच.
मग एका रात्री ताप चढला, डोळे पिवळे झाले,
नखाइतके.

वैद्यांनी नाडी धरली, लगेच सोडली.
सदरा वर केला.
सुरकुतलेल्या पोटावर चार छोटे व्रण.
"सहा वर्षांपूर्वी. हफेला.
कुणाला सांगत नाही, धंदा आहे.
आता तू ठरव."
ती हसली. इतकी, की बरगडी धरून बसावं लागलं.
आणि नवऱ्याला म्हणाली, गाडी काढ.
तो म्हणाला, सकाळी बघू.
"नाही," ती म्हणाली.

नर्सनं खडे बाटलीत घालून दिले.
महिनाभरानं दुकानात, गिऱ्हाईक नसताना,
तिनं काट्यावर टाकले.
बैलाचे असते तर
मुलाच्या घराचे दोन हप्ते गेले असते.
आपले. कोण घेणार.

तरी थेंबभर पाणी घेतलं,
डाव्या नखावर घासला एक.
रंग आला, मळकट, चहासारखा.
हात धुतल्यावर गेला.
ती नखाकडे बघत राहिली जरा,
मग पेटी पुसली.

पित्ताशयाचा पहारा रात्री अकरा ते एक, असं म्हणतात.
अजून अकराला तिला जाग येते.
आत कुणी नाही.
ती उठून पाणी पिते,
दुसऱ्या दिवशीच्या दोन-तीन गोष्टी ठरवते,
आणि झोपते.